सव्वा महिना संपतो, धोका संपत नाही

बाळंतिणीचा सव्वा महिना पूर्ण झाला की घरातली माणसे सुटकेचा श्वास घेतात. शेक-शेगडी थांबते. डिंकाचे लाडू डब्याच्या तळाला गेलेले असतात. माहेरी आलेली लेक सासरी जायची तयारी करते. "आता उठली बाई," असे शेजारपाजारच्या बाया म्हणतात. मग नळावरचे पाणी, धुणे, स्वयंपाक, आणि थोड्याच दिवसांत धुणीभांडी, झाडलोट किंवा नाक्यावरचे काम पुन्हा तिच्या वाट्याला येते.

सरकारच्या कागदांतही जवळजवळ हाच हिशोब आहे. तिथे सव्वा महिन्याऐवजी ४२ दिवस, म्हणजे सहा आठवडे धरतात. बाळंतपणातला मृत्यू मोजायचा तर ४२ दिवसांपर्यंत. आईला सरकारी रुग्णालयात सगळे मोफत द्यायचे तर मुख्य योजनेत ४२ दिवसांपर्यंत. आशाताईंची बाळंतिणीच्या घरची ठरलेली शेवटची भेटही ४२ व्या दिवशी.

वस्तीत बायकांशी बोलताना आम्हाला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. बाळंतपण मोफत झाले, ठीक आहे. पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाईला धाप लागली, बीपी वाढले, टाक्याच्या जागी पू झाला, ती रात्रंदिवस रडू लागली, तर तो खर्च कोणी करायचा? या प्रश्नाचे उत्तर या वेळी शोधू. आपल्याकडे आज काय मिळते, ते कुठे थांबते आणि दुसऱ्या एका देशाने ही मुदत कशी वाढवून घेतली, हे तिन्ही पाहू.

४२ दिवसांचा आकडा कुठून आला

बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्वीच्या आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही मातामृत्यू म्हणजे गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, त्या कारणाने झालेला मृत्यू. आपल्या देशाचे मातामृत्यूचे आकडे याच व्याख्येने निघतात. २०१८ ते २०२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात हा आकडा ३३ होता. देशाच्या तुलनेत आपले राज्य पुष्कळ पुढे आहे आणि त्यामागे आशाताई, परिचारिका आणि सरकारी रुग्णालयांचे मोठे काम आहे.

मात्र ३३ च्या या आकड्यात ४३ व्या दिवशी गेलेली आई धरलेली नाही. तिच्यासाठी 'उशिराचा मातामृत्यू' असा वेगळा शब्द आहे. तो ४३ व्या दिवसापासून वर्षापर्यंतच्या मृत्यूंसाठी वापरतात, आणि रोजच्या चर्चेत तो कधी ऐकू येत नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी पैसाही ठेवला जात नाही.

दिवस संपले, आजार संपले नाहीत

बाळंतपणानंतरचे आजार साधारण केव्हा येतात, ते आधी समजून घेऊ.

पहिल्या दिवसांत सर्वांत मोठा धोका अति रक्तस्रावाचा. त्यानंतर जंतुसंसर्गाचा: ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, सिझरच्या जखमेतून पू. रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका बाळंतपण झाल्यावरही काही आठवडे राहतो. गरोदरपणात एकदाही बीपी न वाढलेल्या बाईलाही तो नंतर होऊ शकतो. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका पहिल्या सहा आठवड्यांत जास्त असतो आणि त्यानंतरही काही आठवडे पूर्ण जात नाही. ही गाठ फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

काही आजार तर सव्वा महिन्यानंतरच डोके वर काढतात. बाळंतपणाशी जोडलेला हृदयाचा एक आजार आहे. त्यात हृदयाचा स्नायू कमजोर होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ पाच महिन्यांचे होईपर्यंत तो केव्हाही होऊ शकतो. आडवे झाल्यावर दम लागणे, रात्री खोकला येणे, पाय सुजणे ही त्याची लक्षणे. घरात मात्र "अशक्तपणा आहे, अंगावर पाजतेय ना," म्हणून ती सोडून दिली जातात. थायरॉईडचा त्रास पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकतो. गरोदरपणात साखर वाढली असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायची असते, कारण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. ही तपासणी बहुतेक घरांत राहून जाते.

मनाच्या आजाराचेही असेच. भारतात झालेल्या अभ्यासांचा एकत्रित हिशोब केला तर पाचांतल्या साधारण एका आईला बाळंतपणानंतर नैराश्य येते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत रडू येणे, बाळ शांत झोपलेले असतानाही झोप न लागणे, बाळाला हात लावावासा न वाटणे, "माझ्याविना सगळे बरे होईल" असे विचार येणे, ही त्याची लक्षणे आहेत. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. यात त्या बाईची चूक नसते, कोणाची नजर लागलेली नसते. घरात मुलगी झाली म्हणून टोमणे बसत असतील, नवरा पीत असेल, पुरेसे खायला मिळत नसेल, तर आजार अधिक खोल जातो.

रक्तक्षयाचा घोर तर कायमचाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. सरकारच्याच कार्यक्रमानुसार लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस, म्हणजे सहा महिने रोज घ्यायची असते. कॅल्शियमचीही तशीच. म्हणजे आईच्या शरीराला सहा आठवड्यांहून पुष्कळ जास्त काळ आधार लागतो हे सरकारलाही मान्य आहे.

अमेरिकेतल्या गरीब मातांची लढाई

आता आपल्यापासून खूप दूरच्या देशातली गोष्ट. अमेरिका जगातला श्रीमंत देश, पण तिथे सरकारी रुग्णालयात जाऊन केसपेपर काढला आणि उपचार मिळाले, अशी सोय सगळीकडे नाही. विमा नसेल तर साध्या आजाराचे बिलही कुटुंबाला बुडवते. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी तिथे १९६५ पासून 'मेडिकेड' नावाचा सरकारी आरोग्य विमा आहे. त्याचा खर्च केंद्र आणि राज्ये मिळून उचलतात. त्या देशात होणाऱ्या दर दहा बाळंतपणांपैकी साधारण चारांचा खर्च हाच विमा देतो.

गरोदर बाईला हा विमा मिळवण्यासाठी उत्पन्नाची अट सैल आहे. पण बाळंतपणानंतर ६० दिवस झाले की ती सैल अट संपायची. मग तिला साध्या 'पालक' म्हणून मोजायचे आणि पालकांसाठीची अट काही राज्यांत इतकी कडक, की थोडेफार कमावणारी बाईही बाहेर पडायची. बाळाला मात्र पहिले पूर्ण वर्ष विमा. एकाच घरात दोन महिन्यांच्या बाळाचा विमा चालू आणि त्याला पाजणाऱ्या आईचा विमा बंद, अशी स्थिती होती.

हे बदलायला आकडे उपयोगी पडले. अमेरिकेत प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करणाऱ्या समित्या आहेत आणि त्या ४२ दिवसांवर न थांबता पूर्ण वर्षभराचे मृत्यू तपासतात. ३६ राज्यांतल्या समित्यांनी २०१७ ते २०१९ या काळातले मृत्यू तपासले. त्यातून दिसले, की गरोदरपणाशी जोडलेले निम्म्याहून जास्त, म्हणजे ५३ टक्के मृत्यू बाळंतपणानंतर एक आठवडा ते एक वर्ष या काळात झाले. एकूण मृत्यूंतले ३० टक्के तर ४२ दिवसांनंतरचे. दहांतले आठाहून जास्त मृत्यू टाळता आले असते. कारणांत सर्वांत वर होते मानसिक आजार. म्हणजे जिथे विमा संपत होता तिथून पुढे मृत्यू चालूच होते.

ते हे आकडे वर्णानुसारही जाहीर करतात. २०२३ साली एक लाख जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या. काळ्या मातांचा आकडा होता ५०.३. तिपटीहून जास्त. हा फरक केवळ गरिबीचा नाही. शिकलेल्या, चांगल्या नोकरीतल्या काळ्या बायकांनाही तो सोसावा लागतो, असे तिथल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आले आहे.

काळ्या स्त्रियांच्या संघटनांनी हा आकडा हातात घेतला. त्यांनी २०१८ पासून दरवर्षी ११ ते १७ एप्रिल हा काळ्या मातांच्या आरोग्याचा सप्ताह पाळायला सुरुवात केली. त्यांच्या आणि इतर अनेकांच्या रेट्यामुळे मार्च २०२१ च्या कायद्यात राज्यांना मुभा मिळाली, की १ एप्रिल २०२२ पासून आईचा विमा ६० दिवसांऐवजी १२ महिने चालू ठेवता येईल. या वर्षात घरचे उत्पन्न वाढले तरी विमा तुटणार नाही. आधी ही मुभा पाच वर्षांपुरती होती. डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ती कायम झाली.

ही मुभा होती, सक्ती नव्हती. त्यामुळे प्रत्येक राज्यात वेगळे भांडावे लागले. टेक्सास राज्याने २०२१ मध्ये सहाच महिने मान्य केले. लोकांनी पाठपुरावा सोडला नाही. २०२३ मध्ये बारा महिन्यांचा कायदा झाला आणि मार्च २०२४ पासून तो लागू झाला. आज जवळजवळ सर्व राज्यांनी बारा महिने स्वीकारले आहेत.

या विम्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रुग्णालयात भरती न होताही त्यात डॉक्टरची तपासणी, गोळ्या, रक्ताच्या चाचण्या, मनाच्या आजारावरचे समुपदेशन मिळते. बीपीच्या गोळ्या रोज लागतात. त्यासाठी कोणी भरती होत नाही.

विमा असूनही ऐकले नाही तर

फक्त विम्याने सगळे होते असे मात्र नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्स सर्वांना माहीत आहे. पैसा, विमा, मोठे रुग्णालय, तिच्याकडे सगळे होते. सप्टेंबर २०१७ मध्ये सिझर झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिला दम लागला. तिला आधी रक्ताच्या गाठींचा त्रास झालेला होता, म्हणून तिने स्वतःच नर्सला सांगितले, की स्कॅन करा आणि रक्त पातळ होण्याचे औषध द्या. नर्सला वाटले, वेदनाशामक औषधामुळे ही गोंधळली आहे. सेरेना अडून बसली. शेवटी स्कॅन झाले आणि फुप्फुसात गाठी सापडल्या. ही हकीकत तिने पुढे जाहीरपणे सांगितली.

जगप्रसिद्ध बाईला आपले दुखणे पटवून द्यावे लागले. तर मग आपल्या वस्तीतल्या, दवाखान्यात एकेरीत बोलावल्या जाणाऱ्या, "काही नाही, गॅस झालाय" म्हणून परत पाठवल्या जाणाऱ्या बाईचे काय? या अनुभवानंतर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२० पासून एक मोहीम चालवली आहे. तिचा सल्ला साधा आहे: कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिल्यांदा सांगा, "मी गरोदर आहे" किंवा "वर्षभरात मी बाळंत झाले आहे." एवढ्या एका वाक्याने डॉक्टरची तपासणी बदलते. याला पैसे लागत नाहीत आणि हे आपण आजपासून करू शकतो.

आपल्याकडे आज काय मिळते

आता आपल्या हक्कांकडे वळू. हे नीट वाचा आणि घरातल्या पुरुषांनाही वाचायला द्या.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, २०११ पासून. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, घरून रुग्णालयात नेणे आणि परत आणून सोडणे, सगळे मोफत. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस जेवण. यात जात, उत्पन्न किंवा मुलांची संख्या यांची अट नाही. बाळंतपणानंतरची गुंतागुंतही यात आहे, पण आईसाठी मुदत ४२ दिवस. आजारी बाळासाठी ही मुदत आधी ३० दिवस होती, पुढे ती एक वर्ष झाली. म्हणजे बाळाला वर्ष आणि आईला सहा आठवडे. अमेरिकेत बदलापूर्वी होती तशीच ही स्थिती.

सुमन, म्हणजे सुरक्षित मातृत्व आश्वासन, ऑक्टोबर २०१९ पासून. वस्तीत फार कोणाला माहीत नसलेली हीच योजना. सुमन म्हणून जाहीर झालेल्या सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत आईला विनाखर्च सेवा देण्याचे, आणि सेवा नाकारणार नाही असे आश्वासन यात दिले आहे. म्हणजे कागदावर आपली मुदत ४२ दिवसांवरून सहा महिन्यांपर्यंत आलेली आहे. "सव्वा महिना झाला, आता पैसे भरा," असे कोणी म्हटले तर शांतपणे विचारा, "ही संस्था सुमनमध्ये आहे का?" तक्रारीसाठी आणि माहितीसाठी १०४ क्रमांक आहे.

राज्याच्या आरोग्य विभागाची रुग्णालये. १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत तपासणी आणि उपचार सर्वांना मोफत आहेत. त्याला बाळंतपणाच्या दिवसांची अट नाही. महानगरपालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र या निर्णयात येत नाहीत. शहरातल्या वस्त्यांची अडचण नेमकी इथे आहे, कारण आपल्याला जवळ असते ते बहुतेक वेळा पालिकेचेच रुग्णालय. मुंबईत आणि काही शहरांत 'आपला दवाखाना' आहे. तिथे साधी तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली आहे. २०२४ पासून राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. यात ठरलेल्या उपचारांची यादी आहे आणि बहुतेक उपचारांसाठी रुग्णालयात भरती व्हावे लागते. हृदयाचा आजार, गंभीर संसर्ग, अतिदक्षता अशा वेळी ती उपयोगी पडते. रोजच्या बीपीच्या गोळ्या किंवा समुपदेशन यात येत नाही. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो, आधी त्याला भेटा. दूरध्वनी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.

राज्य कामगार विमा. आपल्या बहिणी हाउसकीपिंग, सफाई, कारखाना, दुकान अशा ठिकाणी ठेक्यावर काम करतात. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि पगारातून ०.७५ टक्के कपात होत असेल तर त्यांना हा विमा लागू आहे. पुरेसे दिवस हप्ता भरलेला असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा आणि विमा चालू असेपर्यंत उपचार मिळतात. नवऱ्याचा विमा असेल तर बायकोलाही उपचार मिळतात. पगाराची पावती काढून कपात पाहा.

यांशिवाय रोख मदत वेगळी आहे. जननी सुरक्षा योजनेत संस्थेत बाळंतपण झाल्यावर ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात, दारिद्र्यरेषेखालच्या तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या मातांना. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर बौद्ध भगिनीही त्यात बसतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार रुपये. हे पैसे उपचाराला पुरणारे नाहीत, पण हक्काचे आहेत. अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडे वेळेत अर्ज करा.

बाळंतीण मधल्यामध्ये कुठे सुटते

कागदावर एवढे असताना बाई सुटते कशी? आम्हाला दिसलेली तीन कारणे सांगतो.

पहिले, माहेर-सासर. नोंद सासरच्या आशाताईंकडे, बाळंतपण माहेरी. सव्वा महिन्याने परत आल्यावर माहेरच्या आशाताईंचे काम संपलेले आणि सासरच्या ताईंना माहीतच नाही. जपून ठेवायचा एकच कागद म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. डिस्चार्जच्या कागदासह ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या आणि सासरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात आशाताईंना दाखवा.

दुसरे, रेशनकार्ड. लग्न होऊन दोन वर्षे झाली तरी सुनेचे नाव कार्डावर चढवलेले नसते. मग पाच लाखांचे संरक्षण सासऱ्यांना असते, सुनेला नसते. घरी कार्ड काढून आजच नाव पाहा.

तिसरे, आशाताईंच्या भेटी. पहिल्या ४२ दिवसांत रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईकडे त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात त्या पुन्हा येतात, पण बाळासाठी. वजन, लस, वरचे अन्न पाहायला. आई तिथेच समोर बसलेली असते. तिचे बीपी, तिचे रक्त, तिचे मन मात्र कोणी विचारत नाही. मुदत वर्षभर करण्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. जी ताई दारात येतेच आहे तिला बीपीचे यंत्र, आईसाठी चार प्रश्न आणि या कामाचा मोबदला द्यायचा आहे.

बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा

ही मागणी आपल्याला परकी नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी पाठिंबा दिला तो याच मुद्द्यावर. बाळंतपणाच्या आधी आणि नंतरही आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, असे त्यांनी मांडले. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे ते मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी प्रा. आडारकर यांनी केली. तिचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला. आज ठेक्यावरच्या सफाई कामगार बाईच्या पावतीवर दिसणारी ती कपात तिथून आलेली आहे. कारखान्याबाहेर, घरकाम करणाऱ्या आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आईपर्यंत तेवढेच संरक्षण पोचवणे हे राहिलेले काम आहे.

आपण काय करायचे

घरात:

१. बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात आणि सहा आठवड्यांनी बीपी मोजून घ्या. गरोदरपणात साखर वाढली असेल तर सहा आठवड्यांनी साखरेची तपासणी करा.

२. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने. चुकल्या तर आशाताईंकडून परत आणा.

३. यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा: तासाभरात पूर्ण पॅड भिजेल एवढे रक्त, थंडी वाजून ताप, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटका, छातीत दुखणे किंवा दम लागणे, एकाच पायाला सूज आणि कळ.

४. मन खचले असेल तर १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते, मराठीतही. जीव देण्याचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर बाईला एकटे सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या.

५. डॉक्टरसमोर पहिले वाक्य: "मला बाळंत होऊन इतके महिने झाले."

वस्तीत: महिला मंडळाने एक साधी वही ठेवावी. वस्तीत वर्षभरात बाळंत झालेल्या प्रत्येक बाईचे नाव, तारीख आणि ३, ६, ९, १२ महिन्यांच्या खुणा. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती आणि १४ एप्रिलला भीमजयंती. त्या आठवड्यात वस्तीवस्तीत आरोग्य शिबिरे होतात. डोळे तपासले जातात, रक्तदान होते. यंदा त्यात एक टेबल वर्षभरातल्या बाळंतिणींसाठी मांडा: बीपी, हिमोग्लोबिन, वजन आणि दोन गोष्टी बोलायला एक जाणती ताई. तिकडे काळ्या माता आपला सप्ताह पाळतात तेही हेच दिवस.

सरकारकडे: नगरसेवक, आमदार, आरोग्य अधिकारी यांना निवेदन देताना तीन मागण्या स्पष्ट लिहा. आईला मोफत उपचाराची मुदत बाळाइतकी, म्हणजे एक वर्ष करा आणि त्यात पालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये घ्या. तिसऱ्या ते पंधराव्या महिन्याच्या भेटींत आईची तपासणी घाला. मातामृत्यू वर्षापर्यंत मोजा आणि आकडे जातीनुसारही जाहीर करा. आज ते राज्यानुसार येतात. काळ्या मातांचा ५०.३ हा आकडा छापला गेला म्हणून तिथे भांडता आले. आपल्या बहिणींचा आकडा कुठे छापलेलाच नाही.

ज्या घरात या वर्षी पाळणा हलला आहे, तिथे बाळाला बघायला जाल तेव्हा आधी आईजवळ बसा आणि तिला विचारा, "तू कशी आहेस? झोप लागते का? बीपी कधी बघितलेस?"